अर्धा पाऊस जमिनीचा

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्यांच्या हिशेबात ०.५ असा एक आकडा आहे. इंजिनिअर त्याला अपधाव गुणांक म्हणतात. पडलेल्या पावसापैकी किती भाग वाहत गटारापर्यंत येतो, ते हा आकडा सांगतो. ताशी २५ मिलिमीटर पाऊस, समुद्राला ओहोटी आणि गुणांक ०.५, असे धरून त्या वाहिन्या आखल्या गेल्या. उरलेला अर्धा पाऊस कुठे जाईल, हे लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. तो वाडीत, मैदानात, तळ्यात, चिंचेच्या बुंध्याशी जिरणार, हे उघडच होते. शहराच्या निचऱ्याचे निम्मे काम जमीन करत होती आणि तिच्या मजुरीची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हती.

माझी सगळी नोकरी पर्जन्यवाहिन्यांच्या कामात गेली. नालेसफाईच्या गाळाचे डंपर मोजले, भर पावसात उघड्या मॅनहोलपाशी माणसे उभी केली, पंप चालू आहेत ना म्हणून रात्री-अपरात्री फोन केले. पाइप, पंप आणि नाले यांच्यावर माझा विश्वास आहे. ते नसते तर हे शहर दर जुलैत बंद पडले असते. तरीही त्या ०.५ ची गोष्ट सामान्य माणसापर्यंत पोहोचली पाहिजे असे मला फार वर्षे वाटत आले आहे, कारण तिच्यातला निम्मा भाग आपल्या सोसायटीच्या फाटकाच्या आत घडतो.

१९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या निचऱ्याचा नव्याने अभ्यास झाला. त्याचा अहवाल १९९३ साली आला. ब्रिमस्टोवॅड या नावाने तो ओळखला जातो. त्यात पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरला आणि गुणांक धरला १. पडेल तो थेंब न थेंब गटारातच येणार, असा त्याचा अर्थ. पूर्वी वाहिनीला ताशी साडेबारा मिलिमीटर पाणी न्यायचे होते, आता पन्नास. चौपट काम. या चौपटीतली एक दुप्पट पावसाची आहे आणि दुसरी जमिनीची. पाऊस किती कोसळावा हे आपल्या हातात नाही. जमीन मात्र आपणच झाकली, एकेक अंगण करत.

धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक इथली तळी केव्हाच बुजली. उपनगरांत बैठ्या घरांमागच्या वाड्या गेल्या आणि टॉवर आले. टॉवरच्या जाहिरातीत हिरवळ दिसते, पण ती बहुतेक वेळा पार्किंगच्या स्लॅबवर पसरलेल्या वीतभर मातीत असते. त्या मातीला खाली जमीन नाही. जुन्या सोसायट्यांत चिखल नको म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले जातात. ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरते अशी लोकांची समजूत आहे. ते तेव्हाच खरे, जेव्हा ब्लॉकखाली खडी आणि कच असते. आपल्याकडे खाली आधी सिमेंट काँक्रीटचा थर ओततात आणि त्यावर ब्लॉक लावतात. वरून फटी दिसतात, पण पाण्याच्या दृष्टीने तो रस्ताच.

हिशेब करायला एक सोय आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झाले ५०,००० लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर. सगळे झाकलेले असेल तर हे पाचही टँकर फाटकातून रस्त्यावर येतात, शेजारच्या सोसायटीचे पाच येतात, समोरच्या मॉलचे कितीतरी येतात, आणि सगळ्यांना एकाच वेळी एकाच जाळीतून खाली उतरायचे असते.

त्यात मुंबईची स्वतःची अडचण भरतीची. पर्जन्यवाहिन्यांची १८६ मुखे समुद्रात, खाड्यांत आणि नद्यांत उघडतात, असे या विषयातल्या अहवालांत नोंदलेले आहे. त्यांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वरती उघडणारी फक्त ६. मोठ्या भरतीला फ्लडगेट बंद करावे लागतात, नाहीतर समुद्रच उलटा शहरात शिरेल. तेवढ्या वेळात पाऊस कोसळला तर पाणी पंपाने बाहेर टाकायचे. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंद ही पंपिंग स्टेशने त्यासाठीच आहेत.

भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते. म्हणून मुंबईत पाणी कायमचे मुरवले पाहिजेच असे नाही; ते काही तास जागच्या जागी थांबवले तरी अर्धी लढाई जिंकली. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाता भागाचे पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, त्यामागे हाच विचार आहे: भरतीत धरून ठेवा, ओहोटीत सोडा. हेच काम हजारो ठिकाणी, लहान लहान प्रमाणात, माती आणि झाडे यांच्याकडून करून घेणे म्हणजे पावसाच्या पाण्याची हिरवी व्यवस्था. पर्जन्यबाग, रस्त्याकडेचा झाडांचा चर, पाणी आत घेणारी फरसबंदी, गच्चीवरची माती, खोलगट मैदान, राखलेले तळे आणि खारफुटी हे सगळे तिचेच प्रकार आहेत.

यातला सगळ्यात लहान आणि कुणालाही जमणारा प्रकार म्हणजे पर्जन्यबाग. निवृत्तीनंतर मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आम्ही ती केली, म्हणून ती तपशिलाने सांगते.

आमच्या आवाराच्या एका कोपऱ्यात दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचत असे. इमारतीच्या मागच्या बाजूचे गच्चीचे दोन पाइप तिथेच सुटतात. नेहमीचा उपाय म्हणजे तिथून रस्त्यावरच्या गटारापर्यंत आणखी एक नाली काढणे. आम्ही तिथले पेव्हर उखडले, खालचे काँक्रीट फोडले आणि सुमारे वीस चौरस मीटरचा खड्डा खणला, मीटरभर खोल. तळाशी जाड खडी, त्यात भोके पाडलेला पीव्हीसीचा पाइप, त्यावर बारीक खडी, त्यावर साठ सेंटिमीटर मिश्रण. हे मिश्रणच या बागेचा प्राण. निम्म्याहून जास्त जाड रेती, बाकी चांगली माती आणि कुजलेले खत. नुसती तांबडी माती भरली तर पहिल्याच पावसात ती दाबून बसते आणि पाणी वरच राहते. मिश्रणाचा माथा आवारापेक्षा वीस सेंटिमीटर खाली ठेवला. लोकांना झाडांचा वाफा उंच हवा असतो आणि माळीही सवयीने भर घालतो. इथे वाफा खोल ठेवायचा, तरच पाणी त्याच्याकडे येते.

गच्चीचे पाइप थेट मातीवर सोडले की खळगा पडतो, म्हणून तिथे गोटे रचले. एका बाजूला जाळीचे चेंबर बसवले. पाणी वीस सेंटिमीटरच्या वर चढले तर ते या चेंबरमधून जुन्या गटारात जाते. तळाचा पाइपही त्याच चेंबरला जोडलेला आहे, पण त्याचे तोंड मुद्दाम लहान ठेवले, म्हणजे मुरलेले जादा पाणी हळूहळू सुटते. कडेने कर्दळ आणि लिली, मध्ये वाळा. वाळा मी हट्टाने लावला. त्याच्या मुळ्या दोन-तीन मीटर खोल जाऊ शकतात, त्या माती मोकळी ठेवतात, आणि त्याला चार दिवस पाण्यात उभे राहणे जसे चालते तसे एप्रिल-मेमधले ऊनही चालते. आपल्याकडे आठ महिने कोरडे असतात. युरोपातल्या पुस्तकांतली रोपांची यादी इथे उतरवली तर फेब्रुवारीतच बाग वाळून जाईल.

या कोपऱ्याकडे सुमारे दोनशे चौरस मीटरचे पाणी येते. २५ मिलिमीटरची सर आली तर ५,००० लिटर. बागेच्या वीस सेंटिमीटर खोलगट भागातच ४,००० लिटर मावतात, आणि खालच्या मिश्रणातल्या पोकळ्यांत आणखी दोन हजार तरी. म्हणजे ती सर रस्त्यावर येतच नाही. जुलैच्या मध्यावर, सगळे भिजलेले असताना, बागेत तेवढी जागा उरत नाही हे खरे. तेव्हाही पाणी मातीतून गाळून, रेंगाळत, नंतर गटारात जाते. सर ओसरल्यावर तळाच्या पाइपातून धार सुरू असलेली चेंबरमध्ये वाकून बघता येते. पूर्वी तेच पाणी दहा मिनिटांत रस्त्यावर असे.

सभेत पहिला प्रश्न डासांचा आला, आणि तो योग्यच होता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर तरी साचलेले पाणी लागते. पर्जन्यबागेतले पाणी एका दिवसात आत उतरले पाहिजे. दोन दिवसांनंतरही दिसत असेल तर माती बसली आहे असे समजून ती उकरायची. डासांना खरा आसरा कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरच्या फुटक्या बादल्या देतात. दुसरा प्रश्न पायाला ओल लागण्याचा. त्यासाठी बाग इमारतीपासून निदान तीन मीटर दूर ठेवायची. डोंगरउतारावर, संरक्षक भिंतीच्या मागे मात्र पाणी मुरवायचे नाही, कधीच नाही. भिंतीमागे पाणी साचले की भिंत कोसळते आणि खाली माणसे राहत असतात. तिथे पाणी सरळ पाइपनेच खाली न्यावे. हिरव्या व्यवस्थेवर माझा जीव आहे म्हणूनच हे ठासून सांगते.

पुराखेरीज दुसरा फायदा पाण्याच्या शुद्धतेचा. जूनच्या पहिल्या सरीचे पाणी रस्त्याच्या कडेने वाहताना बघा, काळे असते. आठ महिन्यांचे ऑइल, टायरचा चुरा, ब्रेकची धूळ, कबुतरांची विष्ठा, सिगारेटची थोटके हे सगळे त्यात असते. हे पाणी कोणत्याही प्रक्रियेशिवाय नाल्यातून मिठी, पोईसर, दहिसर, ओशिवरा या नद्यांत आणि तिथून समुद्रात जाते. मातीतून जाताना त्यातला गाळ आणि त्याला चिकटलेले धातू वरच्या थरातच अडतात, तेलकट भाग मातीतले जिवाणू खातात. म्हणून निम्म्या पावसाची जागा नसली तरी पहिल्या काही मिलिमीटरची जागा प्रत्येक आवारात हवी. घाण त्यातच जास्त असते.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसे गेली. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेल्यामुळे मरण येते, हे तेव्हा पाहिलेल्या कुणालाही विसरता येणार नाही. रस्त्यावरचे पाणी गुडघ्यावरून घोट्यावर आणणे हा माझ्या लेखी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. अर्थात ९४४ मिलिमीटर कोणतीही बाग पिणार नाही. चीनमधल्या झेंगझोऊ शहरात पाणी शोषणाऱ्या शहराची, ज्याला ते स्पंज सिटी म्हणतात, त्याची कामे झाली होती. तरी २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मेट्रोत अडकून माणसे दगावली. अशा दिवशी पूर्वसूचना, पंप आणि माणसांना वेळेवर घरी थांबवणे हेच कामाला येते. हिरवी व्यवस्था रोजच्या पावसासाठी आहे, ज्या पावसात हिंदमाता, मिलन सबवे आणि किंग्ज सर्कल यांची नावे दरवर्षी बातम्यांत येतात.

बाहेरची दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या मोठ्या भागात सांडपाणी आणि पाऊस एकाच पाइपातून वाहतात. जोराचा पाऊस झाला की मैला नदीत. यावर २०११ मध्ये शहराने पंचवीस वर्षांची योजना हाती घेतली, आणि तिचा कणा प्रचंड बोगद्यांऐवजी रस्त्याकडेचे झाडांचे चर, शाळांची अंगणे आणि पर्जन्यबागा हा ठेवला. त्यांचे माप साधे आहे: एक एकर झाकलेल्या जागेवरचा पहिला एक इंच पाऊस अडवला की तो एकर हिरवा झाला म्हणायचे. एक एकर-इंच म्हणजे एक लाख लिटरहून थोडे जास्त पाणी. त्याहूनही पटले ते त्यांचे बिल. दुकाने, गोदामे, कार्यालये यांना पावसाच्या पाण्याचा आकार त्यांच्या आवारात किती जागा झाकलेली आहे त्यावर लावतात, आणि पाणी अडवले तर त्यात सूट मिळते. आपल्याकडे पार्किंगचे मैदान काँक्रीटने बंद करणाऱ्याला आणि बाग राखणाऱ्याला गटाराचा भार सारखाच. हे बदलले पाहिजे.

दुसरे कोपनहेगन. २ जुलै २०११ ला तिथे अवघ्या दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीसाठी आराखडा केला, सुमारे तीनशे कामांचा, वीस वर्षांचा. एंगहेव्ह नावाची जुनी बाग त्यात खोलगट करून घेतली. एरवी तिथे मुले खेळतात. मोठा पाऊस आला की बागेत सुमारे २ कोटी २६ लाख लिटर पाणी राहू शकते. मुंबईतली खेळाची मैदाने अशी घेता येतील. मैदान एक-दोन फूट खाली, कडेला पायऱ्या, तळाशी निचरा. पावसाळ्यात क्रिकेट तसेही बंद असते.

पण मला हे शिकायला कोपनहेगनला जायची गरज नव्हती, कारण माझे आजोळ वसईचे. तिथल्या वाड्यांत बावखले आहेत. बावखल म्हणजे विहिरीपेक्षा पसरट, तळ्यापेक्षा लहान, कडेने उतार असलेला खोल खड्डा. पावसाळ्यात सगळ्या वाडीचे पाणी त्यात उतरायचे. मग वर्षभर रहाटाने किंवा पंपाने ते पाणी केळीला, पानवेलीला आणि फुलझाडांना. गोड्या पाण्याचा हा साठा जमिनीत दबाव धरून ठेवतो, त्यामुळे समुद्राचे खारे पाणी आत सरकत नाही आणि विहिरी गोड्या राहतात. पूर, शेती, पिण्याचे पाणी अशी तिन्ही कामे एकाच खड्ड्यात. आमच्या आजोळच्या वाडीचे बावखल मामाने राखले आहे. शेवाळ काढायला मे महिन्यात तो अजून स्वतः उतरतो. आजूबाजूची कितीतरी भराव टाकून बुजली, त्यांवर इमारती आल्या. २०१८ च्या जुलैत वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्यात होते. त्या भागात गावकऱ्यांनी काही बावखले पुन्हा साफ करून घेतली, याचे मला मोठे कौतुक आहे. बुजवलेले नैसर्गिक प्रवाह, मिठागरे आणि बावखले मोकळी करणे हे नव्या बागा करण्याइतकेच निकडीचे आहे.

उष्णतेचे थोडक्यात सांगते. ओल्या मातीतून आणि पानांतून पाणी वाफ होऊन जाते तेव्हा हवेतली उष्णता घेऊन जाते. काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता परत देते. शिवाय बुंध्यापर्यंत सिमेंट घातलेल्या झाडाच्या मुळांना ना पाणी मिळते ना हवा, आणि मग पहिल्याच वादळात ते गाडीवर पडते. झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडावी, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आहे. तो पाळला तरी प्रत्येक झाड एक छोटी पर्जन्यबाग होईल.

एक गोष्ट लपवणार नाही. ही व्यवस्था निगा मागते. बागेत पाण्याबरोबर गाळ येतो, वेष्टने येतात. मेच्या अखेरीस वरचा गाळ खरवडायचा, जाळी साफ करायची, वाळा छाटायचा. आमच्या माळीदादांचे ते दोन दिवसांचे काम आहे. नाल्याची सफाई जशी दरवर्षी करतो तशीच ही. उद्घाटन करून सोडून दिलेली पर्जन्यबाग तीन वर्षांत कचरापेटी होते आणि मग लोक म्हणतात, हे आपल्याकडे चालत नाही. समुद्रालगतच्या भरावाच्या जमिनीत, जिथे पावसाळ्यात हातभर खणले तरी पाणी लागते, तिथे मुरवण्यापेक्षा साठवून हळू सोडण्यावर भर द्यावा लागतो. मुलुंड, बोरिवली, ठाणे यांच्या सपाट आणि उंच भागांत मुरते. जागा बघून ठरवायचे. एक मीटर खोल खड्डा करून त्यात पाणी भरा आणि ते किती वेळात उतरते ते घड्याळ लावून बघा. सल्लागाराला बोलावण्याआधी एवढे कुणीही करू शकते.

तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आवाराच्या नव्या फरसबंदीचा विषय कधी ना कधी येईल, कंत्राटदाराचे दरपत्रकही बरोबर असेल. तेव्हा हात वर करून दोन प्रश्न विचारा. ब्लॉकखाली काँक्रीट ओतणार आहात की खडी आणि कच? आणि गच्चीचे पाइप जिथे सुटतात, तिथले वीस चौरस मीटर मोकळे ठेवता येतील का? दरपत्रकावर सही होण्याआधी विचारा. एकदा काँक्रीट ओतले की पुढची वीस वर्षे ते कुणी फोडत नाही.